यादीत ९१ राहू दे

प्रिय मुली,

कथा मिळाली. एकदा सलग वाचली, मग पेन्सिल घेऊन वाचली. भाषा तुझी स्वतःची आहे, कुणाची उसनी नाही, त्यामुळे तिच्याबद्दल फार बोलत नाही. एवढंच सांगते, की थर्मासमधला चहा पहाटेपर्यंत गार झाला असं तू लिहिलं आहेस, ते काढ. गार होऊ नये म्हणूनच थर्मास असतो.

मुख्य मुद्दा शेवटच्या पानाचा. नायिका अवकाशातून आलेले रेडिओ ठोके मोजते, २, ३, ५, ७, ११, १३, यादी पुढे वाढत जाते आणि ती पुटपुटते, "या तर मूळ संख्या!" तिथे कथा संपते. वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी तुझी अपेक्षा. विज्ञानकथा न वाचणाऱ्याच्या येईलही. पण अशी कथा जो मुद्दाम उघडून वाचतो, त्याला हा क्षण तोंडपाठ असतो. कार्ल सेगन यांची 'कॉन्टॅक्ट' ही कादंबरी १९८५ची, तिच्यावरचा सिनेमा १९९७चा. अभिजित ताऱ्याच्या दिशेनं रेडिओ ठोके येतात आणि मोजल्यावर त्या मूळ संख्या निघतात. सिनेमात तर यादी १०१पर्यंत जाते. म्हणजे तुझ्या जन्माआधी हे सगळं होऊन गेलंय.

आता सेगन यांनी त्यापुढे काय केलं ते बघ. मूळ संख्यांचा शोध त्यांनी सुरुवातीच्या प्रकरणांतच वापरून टाकला. त्या ठोक्यांच्या आत दडलेलं निघतं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचं टीव्ही प्रक्षेपण, हिटलरच्या भाषणासकट. आपल्याकडूनच निसटलेली लहर तिकडून परत आलेली. आणि त्याच्याही आत एका यंत्राचे आराखडे. मूळ संख्यांचं काम फक्त "इकडे बघा" म्हणायचं. तू सगळी पानं "इकडे बघा" म्हणण्यातच घालवलीस आणि वाचकानं मान वळवली तेव्हा पडदा पाडलास.

तरी मूळ संख्या काढून टाक असं मी म्हणणार नाही. मूळ संख्याच का, हे तुझ्या नायिकेला माहीत असायला हवं. सध्या ते तिला माहीत नाही, कारण ते तुला माहीत नाही.

१९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीचे कागद तपासत होती. त्यात तिला एक स्पंदन सापडलं. दर १.३३ सेकंदाला एक ठोका, घड्याळाला लाजवेल इतका नियमित. गटानं थट्टेथट्टेत त्याला नाव दिलं एलजीएम-१, 'लिटल ग्रीन मेन', म्हणजे हिरवी बुटकी माणसं. थोड्याच दिवसांत आकाशाच्या वेगळ्या भागात तसंच दुसरं स्पंदन मिळालं आणि हिरव्या माणसांचा विषय संपला. गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे होते ते, आज आपण त्यांना पल्सार म्हणतो. तेव्हापासून नुसती नियमितता बुद्धीचा पुरावा म्हणून चालत नाही. ठेका धरायला निसर्गाला कुणाची गरज लागत नाही.

बरं, ठेक्याऐवजी एखादी श्रेणी पाठवली तर? वर्गसंख्या हायड्रोजनच्या वर्णपटात बसलेल्या आहेत, बामरनं ते सूत्र १८८५ सालीच काढलं. १, ३, ५, ७ अशा विषम संख्या हव्या असतील तर गच्चीवरून दगड सोड. सारख्या सारख्या वेळात तो याच प्रमाणात अंतर कापत खाली येतो. सूर्यफुलाच्या बिया मोजल्या तर फिबोनाचीची श्रेणी भेटते, १, १, २, ३, ५, ८ अशी, मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची. मूळ संख्यांची क्रमवार यादी म्हणून दाखवणारा तारा, स्फटिक किंवा किडा मात्र आपल्या माहितीत नाही. कारण एकच. पुढची मूळ संख्या मागच्या संख्येत काहीतरी मिळवून मिळत नाही, तपासावीच लागते. तपासणं हे काम कुणीतरी करावं लागतं.

किडा म्हटलं आणि तुझ्या मनात सिकाडा आला असेल, तर शाबास. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या सिकाडांच्या काही जाती १३ किंवा १७ वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत काढतात आणि मग लाखोंच्या संख्येनं एकदमच वर येतात. २०२४ साली १३ वर्षांची एक टोळी आणि १७ वर्षांची एक टोळी एकाच उन्हाळ्यात निघाली. या दोघींची आधीची गाठ १८०३ची, कारण १३ गुणिले १७ म्हणजे २२१. भक्षकांच्या चक्राशी आपलं चक्र जुळू नये म्हणून असं झालं, की दोन टोळ्यांचा संकर टळावा म्हणून, हा वाद अजून मिटलेला नाही. तुझ्या कथेतला संशयी प्रोफेसर हा मुद्दा काढू शकतो: "मूळ संख्या किड्यांनाही जमतात." त्यावर नायिकेनं द्यायचं उत्तर असं, की किड्याच्या हाती एखादी मूळ संख्या लागते, यादी लागत नाही. सध्या तुझा प्रोफेसर फक्त भुवया उंचावतो. त्याला काहीतरी बोलू दे.

मग जागेचा प्रश्न. तू कथा न्यू मेक्सिकोत का नेलीस? सेगन यांनी नेली म्हणून? तुला नारायणगाव जवळ आहे. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधोमध दाटीनं, उरलेल्या तीन भुजांवर पसरलेल्या, सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. पल्सारवर तिथे नेहमीच काम चालतं. तिथे बसलेल्या बाईला ठोके ऐकू आल्यावर सगळ्यात आधी परग्रह आठवणार नाही, विजेची लाइन आठवेल. उच्च दाबाच्या तारांवरून उडणाऱ्या ठिणग्या रेडिओ लहरींत कचरा करतात, हे तिथलं रोजचं दुखणं. सेकंदाला ५० किंवा १०० च्या पटीत काही दिसलं की ते आपल्याच वीजमंडळाकडचं. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला काही गूढ स्फोट वर्षानुवर्षं दिसत होते. २०१५ साली उलगडलं की शिजायच्या आधीच कुणीतरी मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं. तुझी नायिका पहिल्या पाच मिनिटांत विश्वास ठेवते, म्हणून मला तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. तिला दुर्बीण ताऱ्यावरून हटवू दे. ठोके थांबले पाहिजेत. परत ताऱ्यावर आणू दे. सुरू झाले पाहिजेत. मग दुसऱ्या कुठल्या तरी वेधशाळेला फोन करू दे, आणि समोरचा माणूस झोपेतून उठून वैतागलेला असू दे.

आता प्रत्यक्ष ठोके. तू पानावर '२, ३, ५, ७' असे आकडे छापले आहेस. पण पलीकडून आकडे येत नाहीत. ठोके येतात, मग विश्रांती, मग पुन्हा ठोके. टक टक. टक टक टक. टक टक टक टक टक. मोजायचं काम आपल्याकडे. सेकंदाला एक ठोका धरला तर १०१पर्यंतच्या २६ मूळ संख्यांना एकूण ११६१ ठोके लागतात. मधल्या विश्रांती सोडून १९ मिनिटं २१ सेकंद. तुझी नायिका हे दीड ओळीत उरकते. या वीस मिनिटांत काय काय होऊ शकतं बघ.

पहिले तीन गट: २, ३, ५. तिला वाटेल फिबोनाची, आता ८ येणार. येतात ७. मग ११. इथे सामान्य लेखक "मूळ संख्या!" म्हणून ओरडतो, आणि इथेच जाणकार वाचक गालात हसतो, कारण २, ३, ५, ७, ११ या पाच संख्या ओळीनं आणखी एका श्रेणीत येतात. ४ ही संख्या बेरजेत किती प्रकारे फोडता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, म्हणजे ५ प्रकारे. ५ ही संख्या ७ प्रकारे, ६ ही ११ प्रकारे. २ आणि ३ चे प्रकार अनुक्रमे २ आणि ३. ज्या फोडींवर हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली ते प्रसिद्ध सूत्र दिलं, त्याच या. आणि ७ ही संख्या फुटते १५ प्रकारे. म्हणजे अकरा ठोके संपल्यावर जी शांतता येते, तिच्यानंतर तेरा ठोके आले तर मूळ संख्या आणि पंधरा आले तर फोडी. नायिका मोजतेय. अकरा, बारा, तेरा. चौदावा येतो का? कथेतली सगळ्यात ताणलेली सेकंदं ही आहेत आणि ती तू फुकट घालवलीस.

यापुढचं मन लावून वाच. तुझ्या यादीत ८९ नंतर ९१ आहे.

९१ मूळ नाही. ७ गुणिले १३. दिसायला अगदी मूळ दिसते, कारण २, ३ आणि ५च्या कसोट्यांतून सुटते आणि तेराचा पाढा आपण वाकडं तोंड करून म्हणतो. ५१ आणि ५७ यांच्याच बहिणी. ग्रोथेनडिक या थोर गणितज्ञानं उदाहरण म्हणून कुठलीही मूळ संख्या घ्या म्हटल्यावर ५७ घेतली असं सांगतात, तेव्हा लाजू नकोस. आणि ९१ खोडूही नकोस. तुझ्या अख्ख्या कथेत कामाची गोष्ट ती एकच आहे, आणि ती तुझ्या हातून नकळत पडली आहे.

विचार कर. यादी बरोबर असेल तर तिच्यातून एवढंच कळतं की पाठवणाऱ्याला मूळ संख्या येतात. यादी चुकली, आणि ठरावीक तऱ्हेनं चुकली, तर तो मूळ संख्या कशा काढतो ते कळतं.

पिएर द फर्मानं १६४० साली एका पत्रात एक नियम कळवला होता. मूळ संख्या घे, समजा ७. ३चा ६वा घात काढ, म्हणजे एकानं कमी घात. ७२९. त्याला ७ने भाग. ७ गुणिले १०४ म्हणजे ७२८, बाकी १. कुठलीही मूळ संख्या घेतलीस तरी बाकी १च उरते, अपवाद खुद्द ३चा, कारण तिथे बाकी शून्य. मग एखाद्याला वाटेल की उलटंही खरं धरावं, बाकी १ उरली की संख्या मूळ. झटपट कसोटी मिळाली. बहुतेक वेळा ती बरोबर निघते. आता ९१ला लावून बघ. त्याच ७२९ला ९१ने भाग. ९१ गुणिले ८ म्हणजे ७२८, बाकी १. ९० हा ६च्या पटीत आहे, तेव्हा ३च्या ९०व्या घातालाही ९१ने भागलं की बाकी १च. ९१ परीक्षेत पास. या कसोटीला फसवणारी ही सगळ्यात लहान संयुक्त संख्या आहे. तिच्यानंतरची १२१, म्हणजे ११ गुणिले ११. ३चा ५वा घात २४३, १२१ची दुप्पट २४२, बाकी १. वहीत करून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

तर आता तुझी कथा अशी लिही. पहिल्या फेरीत येतात २, ५, ७, ११. ३ नाहीच. नायिकेला वाटतं आपलंच नोंद घेणं चुकलं. दुसऱ्या फेरीतही ३ नाही. पुढे सगळं सुरळीत, ८९पर्यंत नेमके ९६० ठोके, विश्रांती सोडून बरोब्बर १६ मिनिटं. मग ९१. प्रोफेसर सुटकेचा श्वास टाकतो, चला, निसर्गाचाच काहीतरी खेळ, मूळ संख्या नव्हेतच. बाकीचे पांगतात. नायिका मात्र वहीवर ७२९ लिहून बसते. तीन गळाली आणि एक्याण्णव घुसली, या दोन्ही चुकांचं कारण एकच, हे तिला दिसतं. आणि ती भाकीत करते: ११३च्या पुढची मूळ संख्या १२७ आहे, पण त्यांच्या यादीत त्याआधी १२१ येईल. मग पुढच्या फेरीची वाट बघायची. आकाशातल्या कुणाच्या तरी स्वभावाबद्दल केलेलं भाकीत खरं ठरणं, याच्यापुढे "या मूळ संख्या आहेत" अगदी फिकं वाटतं की नाही?

एक आक्षेप मीच घेते, नाहीतर दुसरा कुणी घेईल. शंभरच्या आतल्या मूळ संख्या काढायला एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? एराटोस्थेनिसची चाळणी, म्हणजे एकेका संख्येचे पट खोडत जायची रीत, सहावीतल्या पोराला येते. याचं उत्तर तुला द्यावं लागेल, आणि तिथे गणित संपून गोष्ट सुरू होते. कदाचित ते जीव फेऱ्यांमध्ये विचार करणारे असतील, घड्याळासारखं फिरून पुन्हा पहिल्या जागी येणं त्यांना बेरजेइतकं सहज असेल आणि ओळीनं पट खोडत जाणं अवघड. कदाचित पाठवणारं यंत्र असेल आणि त्याच्या मालकांनी यादी कधी तपासलीच नसेल. कदाचित मालक उरलेच नसतील. यातलं कुठलं ते तू ठरव. टेड चँग यांच्या 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' या १९९८च्या कथेत परग्रहवासीयांशी गणिताचा सूर जुळतच नाही. जुळतो कधी, तर प्रकाश कमीत कमी वेळाचा मार्ग निवडतो या तत्त्वाचा विषय निघतो तेव्हा. आपण कॉलेजात शिकतो ते त्यांना प्राथमिक. तत्त्व पुन्हा त्याच फर्माचं, गंमत बघ. स्टॅनिस्लाव लेम यांच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' या १९६८च्या कादंबरीत तर शास्त्रज्ञांची फौज अवकाशातून आलेला संदेश कधी पुरता उलगडूच शकत नाही. आपल्याला सोपं ते त्यांना सोपं, हे गृहीतक या दोघांनी तपासायला घेतलं. तूही घे.

मूळ संख्या कामाला कशा लावतात याचा खरा नमुनाही ठेव जवळ. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी आरेसिबोच्या दुर्बिणीतून एम१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश पाठवला गेला. फ्रँक ड्रेक आणि त्यांचे सहकारी. एकूण १६७९ द्विमान अंक, म्हणजे नुसते ० आणि १, तीन मिनिटांच्या आत संपले. १६७९च का? २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ. म्हणजे ते अंक आयतात मांडायचे तर दोनच तऱ्हा. २३ ओळी आणि ७३ रकाने केले तर नुसता कचरा दिसतो. ७३ ओळी आणि २३ रकाने केले की चित्र उभं राहतं, त्यात माणसाची आकृती, डीएनएचा पीळ, सूर्यमाला, दुर्बीण. हरभऱ्याचे १६७९ दाणे ताटात सारख्या रांगांनी मांडायला घेतल्यासारखं आहे हे, दाणेच सांगतात कसं मांडायचं ते. ड्रेक यांनी १९६१ साली आपल्याच सहकाऱ्यांना ५५१ अंकांचं असंच कोडं पाठवलं होतं, १९ गुणिले २९. बर्नार्ड ऑलिव्हर यांना ते सुटलं. या संदेशांत "आम्हाला मूळ संख्या येतात" असं कुठेही म्हटलेलं नाही, त्या नुसत्या वापरल्या आहेत. मला हे सेगन यांच्या यादीपेक्षा जास्त आवडतं.

तू मधे एक परिच्छेद ६१७४वर लिहिला आहेस. देवळालीच्या कापरेकरांचा अभिमान मलाही आहे, पण परग्रहवासीयांच्या तोंडी कापरेकर स्थिरांक घालू नकोस. ६१७४चे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी केली की ७६४१ वजा १४६७ बरोबर पुन्हा ६१७४, हे दशमान पद्धतीतच जमतं. ज्याला आठ बोटं आहेत आणि जो आठच्या पटीत मोजतो, त्याला ६१७४मध्ये काही विशेष दिसणार नाही. मूळ संख्येचं तसं नाही. तेरा दाणे कुठल्याही पद्धतीत लिही, आयतात बसत नाहीत. अंकांवर चालणारं आणि संख्येवर चालणारं असे दोन वेगळे प्रकार आहेत हे, आणि परग्रहाच्या कथेत पहिला प्रकार चालत नाही. माणसांच्या कथेत खुशाल चालतो. 'डॉक्टर हू' मालिकेच्या '४२' या भागात दारावर ३१३, ३३१, ३६७ आणि पुढची संख्या ओळखा असं कोडं आहे. उत्तर ३७९, अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेलं की १वर पोचणाऱ्या मूळ संख्या त्या. ते अवकाशयान माणसांचं होतं, म्हणून माफ.

हिशेब मात्र तपासत जा. 'क्यूब' या १९९७च्या सिनेमात खोल्यांच्या दारांवर तीन-तीन अंकी संख्या असतात आणि मूळ संख्या किंवा तिचा घात दिसला की आत सापळा. कल्पना झकास. पण पुढे या संख्यांचे अवयव पाडणं मानवी मेंदूच्या पलीकडचं आहे असं दाखवतात, आणि गणिताची मुलगी हात टेकते. अगं, तीन अंकी संख्येसाठी ३१पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं, कारण ३२चा वर्ग हजाराच्या पुढे जातो. ५६७ घे. अंकांची बेरीज १८, ९ने भाग जातो, ६३ उरतात, संपलं. सिनेमा चांगला असूनही तिथे माझा विरस झाला, आणि प्रेक्षकांत माझ्यासारखे बरेच असतात.

तुझ्या दुसऱ्या कथेचा आराखडा, मूळ संख्या ओळखायचं सूत्र सापडतं आणि जगातल्या बँका बुडतात, तो तसाच चालणार नाही. संख्या मूळ आहे का हे ओळखणं आणि मोठ्या संख्येचे अवयव पाडणं ही दोन निराळी कामं. संदेश गुप्त ठेवणाऱ्या १९७७च्या आरएसए पद्धतीचं कुलूप दुसऱ्या कामाच्या अवघडपणावर उभं आहे. पहिल्या कामाची खात्रीशीर आणि वेगवान रीत २००२ साली आयआयटी कानपूरला मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. त्यातले दोघे नुकते बीटेक झालेले. एकही बँक बुडाली नाही. बुडवायचीच असेल तर अवयव झटपट पाडणारा १९९४चा शोरचा अल्गोरिदम आणि एक धड चालणारा क्वांटम संगणक आण, आणि तो कुणाच्या ताब्यात आहे यावर कथा लिही. 'शेवटची मूळ संख्या' हे शीर्षकही बदल. शेवटची नसतेच, युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. आत्तापर्यंत सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झाली, २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १, चार कोटींहून जास्त अंकांची.

तू विचारलं होतंस की एवढं गणित करायची लेखकाला गरज असते का. आर्थर क्लार्क यांच्या १९५६च्या 'द सिटी अँड द स्टार्स'मध्ये जेसेरॅक नावाचा एक हौशी म्हातारा आहे. तो संगणकाला सगळ्या पूर्णांकांची जाळी मांडायला सांगतो आणि तिच्यावर मूळ संख्या मण्यांसारख्या ओवतो. क्लार्क यांनी एवढं लिहिलं आणि पुढे गेले, स्वतः करून बघितलं नाही. १९६३ साली गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलम एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसून कागदावर चौकोनी वळणांनी आकडे लिहीत गेले आणि मूळ संख्यांवर खुणा करत गेले. त्या खुणा तिरक्या रेषांत उमटायला लागल्या. आज ते उलमचं वेटोळं म्हणून ओळखलं जातं. क्लार्क यांच्याकडे कल्पना सात वर्षं आधी होती, कागद-पेन्सिल घेऊन बसायचं तेवढं राहिलं.

झालं की मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला पाठव. ओळखीपाळखीची भीड वाटत असेल तर १९७४ सालची गोष्ट आठव. जयंत विष्णू नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा तिथे नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

पुढचा खर्डा पाठवताना ठोक्यांचा हिशेब वेगळ्या कागदावर जोड. १२१ संपेपर्यंत ३ वगळून आणि ९१ धरून किती ठोके होतात ते मी काढलंय, पण सांगणार नाही, तुझं उत्तर आलं की ताडून बघेन. आणि २८६पर्यंत जाऊ नकोस. ती या कसोटीला फसवणारी तिसरी संख्या आहे खरी, पण सम आहे, तिथे वाचकाला हसू येईल.

तुझ्या
बाई